शुगर आटोक्यात ठेवायची तर आधी ताट बघा, मेथी-कारलं नंतर: आपल्या बेळगाव भागातल्या घरांसाठी सविस्तर माहिती

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, आपल्या या सगळ्या पट्ट्यात कुणाला शुगर निघाली म्हटलं की रिपोर्ट घेऊन घरी पोचेपर्यंत चार जण चार उपाय सांगून मोकळे होतात, कुणी म्हणतंय मेथी भिजवून खा, कुणी कारल्याचा रस, कुणी परसातल्या इन्शुलिनच्या झाडाचं रोज एक पान चघळा म्हणतंय, आणि एकजण तरी हमखास सांगतोच की अमक्या गावातल्या वैद्याची पावडर आण, पंधरा दिवसांत गोळ्या बंद. सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतंय, पण या शेवटच्या सल्ल्यापायी गोळी-इन्शुलिन सोडून माणसं थेट आयसीयूत गेलेली आहेत, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

माझं म्हणणं थोडक्यात असं. घरगुती उपाय जरूर करा, पण त्यातला सगळ्यात मोठा उपाय म्हणजे रोजचं ताट आणि जेवणानंतरचं चालणं. मेथी, कारलं, जांभूळ हे त्याच्यावरचं थोडंसं. आणि हे सगळं डॉक्टरांनी दिलेली गोळी चालू ठेवून करायचं, आकडे खाली आले तर गोळी कमी करायचं काम डॉक्टरांचं, आपलं नाही.

आधी आपला आकडा समजून घ्या

आयसीएमआर म्हणजे केंद्र सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या देशभरच्या पाहणीचा निकाल २०२३ साली आला, त्यात भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना डायबेटिस आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर असा अंदाज निघाला. म्हणजे घरटी नाही म्हटलं तरी भावकीत कुणीतरी असणारच. यातल्या कितीतरी जणांना त्रास काहीच होत नाही म्हणून पत्ताच नसतोय, त्यामुळं तिशी ओलांडली असेल, पोट सुटलं असेल, आई-वडिलांना शुगर असेल किंवा गरोदरपणात शुगर वाढली होती असं असेल तर वाट बघू नका. सरकारी आरोग्य केंद्रात तीस वर्षांवरच्या लोकांची बीपी-शुगर फुकट तपासतात, गावातल्या आशाताईंना विचारलं तर दिवस-वेळ सांगतील.

रिपोर्टवर तीन आकडे महत्त्वाचे. उपाशीपोटीची शुगर १०० च्या खाली असली तर ठीक, १०० ते १२५ म्हणजे उंबरठा, १२६ किंवा वर म्हणजे डायबेटिस. एचबीए१सी हा मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब सांगतोय, ५.७ च्या खाली चांगलं, ५.७ ते ६.४ उंबरठा, ६.५ आणि वर म्हणजे डायबेटिस. ग्लुकोज पाजून दोन तासांनी काढलेली शुगर २०० किंवा जास्त असली तरी तोच अर्थ. लक्षणं काही नसतील तर एकाच रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत, पुन्हा एकदा तपासून खात्री करतात. आणि अंगात रक्त कमी असलं तर एचबीए१सी चुकीचा दिसू शकतो, आपल्याकडं बायकांच्यात हे लई असतंय, तेव्हा हिमोग्लोबिनचा रिपोर्टपण डॉक्टरांना दाखवा.

ज्यांना डायबेटिस झालेलाच आहे त्यांच्यासाठी साधारण लक्ष्य उपाशीपोटी ८० ते १३०, जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत, एचबीए१सी ७ च्या आत. सत्तरी-ऐंशीच्या आजी-आजोबांना एवढं कडक ठेवत नाहीत, कारण त्या वयात शुगर एकदम खाली जाणं जास्त धोक्याचं.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. लहान मुलांना-तरुणांना होतो तो टाईप वन, त्यात शरीर इन्शुलिन बनवतच नाही, तिथं कुठलाही पाला, काढा, आसन इन्शुलिनच्या जागी चालत नाही, एक-दोन दिवस इन्शुलिन बंद केलं तरी जीवावर बेततंय. गरोदर बाईनंही खालचे मेथी-कारल्याचे उपाय स्वतःच्या मनानं करू नयेत. बाकी लेख आहे तो टाईप टू वाल्यांसाठी आणि उंबरठ्यावरच्यांसाठी.

उंबरठ्यावरच्यांनी तर जास्त मनावर घ्या. चेन्नईच्या डॉक्टरांनी केलेला इंडियन डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रामचा अभ्यास २००६ साली छापून आला, त्यात नुसत्या खाण्या-चालण्यातल्या बदलानं डायबेटिस होण्याचा धोका साधारण २८ टक्क्यांनी कमी झाला, आणि हे आपल्यासारखंच भात-डाळ खाणारे लोक होते.

ग्लुकोमीटर घ्या, आणि नीट वापरा

मेडिकलमध्ये घरी शुगर मोजायचं हे मशीन मिळतंय, पण घेताना मशीनपेक्षा पट्ट्यांची किंमत बघून घ्या कारण खर्च खरा तिथं आहे. हात साबणानं धुवून कोरडे करायचे, स्पिरिट नसलं तरी चालतंय, पण आंबा नाहीतर केळं सोललेल्या हातानं टोचलं तर बोटावरच्या गोडामुळं आकडा शंभरानं जास्त दाखवू शकतो. सुई बोटाच्या मधोमध मारू नका, कडेला मारा, तिथं दुखतंय कमी आणि रक्त चांगलं येतंय. बोट दाबून दाबून पिळायचं नाही, हात खाली सोडून थोडा हलवला की थेंब आपोआप येतोय. पट्टीची डबी लगेच बंद करा, आपल्याकडं जून ते सप्टेंबर पाऊस आणि दमट हवा, उघड्या डबीतल्या पट्ट्या खराब होतात आणि मग आकडे कुठल्या कुठं जातात.

रोज सकाळी उपाशीपोटीचीच शुगर बघायची हे बऱ्याच जणांचं चालतंय, पण त्यातून ताटाबद्दल काही कळत नाही. जोडीनं बघा. जेवायच्या आधी एकदा, आणि पहिला घास घेतल्यापासून बरोबर दोन तासांनी एकदा. दोन्हीतला फरक किती आला ते वहीत, समोर काय खाल्लं ते. वडगावच्या आमच्या काकूंनी असं लिहायला सुरू केलं, एका सकाळी उप्पीट आणि साखरेचा चहा, दोन तासांनी २३६. त्याच आठवड्यात अर्धी भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, बिनसाखरेचा चहा, १७१. गोळी तीच, वेळ तीच. काकूंना कुठल्याही पुस्तकापेक्षा त्या दोन ओळींनी पटलं. तुम्हालाही असंच लिहायचं आहे, फक्त काकूंनी नाष्टा आणि चहा दोन्ही बदलले, तुम्ही एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे कशानं काय झालं ते कळतंय. सगळं एकदम सुरू केलं तर मेथीचं पुण्य की चालण्याचं, काही समजत नाही.

ताट

इथं जास्त लिहिणार आहे कारण सगळा खेळ इथंच आहे.

आपल्या भागात दोन तऱ्हेची घरं. खानापूर आणि बेळगाव तालुक्याचा पश्चिम भाग भाताचा, दोन्ही वेळ भात पाहिजेच. गोकाक, अथणी, रायबाग, सौंदत्तीकडं जोंधळ्याची भाकरी. भाकरीवाल्यांना वाटतंय की आपल्याला काळजी नाही, भाकरी शुगरला चांगली. चांगली आहे, मैद्यापेक्षा आणि पांढऱ्या भातापेक्षा हळू चढते, पण एका मध्यम भाकरीत ५० ग्रॅम पीठ धरलं तरी ३५ ग्रॅमच्या आसपास पिष्ट, म्हणजे पचून साखर होणारा भाग, असतंच. त्यामुळं तीन-तीन भाकऱ्या खाऊन शुगर का वाढली विचारू नका. भातातही तसंच, वाटीभर, म्हणजे १५० ग्रॅम शिजलेल्या भातात ४० ग्रॅमच्या जवळपास.

मग करायचं काय? ताटाचे मनातल्या मनात चार भाग करा. दोन भाग भाजी, म्हणजे मेथी, शेपू, चवळी, दोडका, भेंडी, वांगं, कोबी, गवार, कच्ची काकडी, मुळा, गाजर. एक भाग उसळ-डाळ-पिठलं-अंडं-मासा. एक भाग भाकरी किंवा भात, दोन्ही नाही, एकच. आपल्याकडं उलटं असतंय, ताटभर भात, आमटी त्याच्यावर ओतलेली आणि भाजी तोंडी लावायला. ही उलथापालथ केली की अर्धं काम झालं, आणि त्याला पैसा लागत नाही.

हुलग्यांना विसरू नका. हुलग्याचं पिठलं, हुलग्याची उसळ, मटकी, पावटा, मसूर, हरभरा, यात प्रोटीन आणि चोथा दोन्ही असल्यानं शुगर सावकाश चढते. हुलग्याचं माडगं करत असाल तर गूळ घालू नका, मीठ-जिरं-लसूण घालून करा, थंडीत लई छान लागतंय. जवसाची चटणी, कारळ्याची चटणी, शेंगदाण्याची चटणी आपल्या घरात असतेच, चमचाभर रोज चालते, तेलकट आहे म्हणून वाटीभर मात्र नको.

खायचा क्रमपण बदलून बघा. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ-डाळ, शेवटी भाकरी-भात. तेवढंच अन्न, पण नंतरची शुगर कमी चढते, हे अभ्यासात दिसलंय आणि तुमच्या मीटरवरपण दिसेल. लग्नाच्या पंगतीत हे जमणार नाही, घरी जमतंय.

नाचणीबद्दल एक गैरसमज. नाचणी शुगरवाल्यांना कितीही चालते म्हणून पातळ आंबील सकाळी मोठा पेला भरून पितात. नाचणी चांगली, कॅल्शियम भरपूर, पण बारीक पिठाची पातळ आंबील भराभर पचते आणि शुगर झटकन चढते. नाचणीची भाकरी खा, सोबत भाजी घ्या, आंबील प्यायची तर छोटी वाटी, ताक घालून.

सकाळचा नाष्टा हा आपल्या भागातला मोठा खड्डा आहे. इडली, डोसा, उप्पीट, पोहे, शिरा, सगळं तांदूळ नाहीतर रवा. बंद करा म्हणत नाही मी, हॉटेलात मित्रांबरोबर बसलं की माणूस इडली खाणारच. दोन इडल्या घ्या, सांबार दोन वाट्या घ्या, पहिल्यांदा सांबार संपवा, चटणी चालेल. घरी असाल तर मुगाचं धिरडं, मोड आलेली मटकी, बेसनाचा पोळा, दोन अंडी आणि अर्धी भाकरी, यातलं काहीतरी.

आता चहा. दिवसाला पाच कप, प्रत्येक कपात दोन चमचे साखर, म्हणजे ५० ग्रॅम साखर नुसत्या चहातून, आणि हे माणूस हिशोबात धरतच नाही. एकदम सोडवत नसेल तर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत या, महिन्याभरात जिभेला सवय होते. साखरेऐवजी गूळ घातला की चालतंय हा समज मात्र काढून टाका. आपण ऊसपट्ट्यातली माणसं, गुऱ्हाळाचा गूळ आपल्याला औषध वाटतोय, पण १०० ग्रॅम गुळात ८० ते ८५ ग्रॅम साखरच असते, थोडं लोह वगैरे असलं तरी शुगर तेवढीच चढवतो. मध तसाच. गोकाकचं कर्दंट गूळ-सुक्या मेव्याचं आहे म्हणून पौष्टिक, खरं आहे, पण शुगरवाल्याला ते गोडच. कुंदा, मांडे, कर्दंट सणासुदीला खायचंच असेल तर अंगठ्याएवढा तुकडा, जेवणाच्या शेवटी, त्या जेवणात भात बंद, आणि नंतर चालायला जायचं. उपाशीपोटी चहाबरोबर कुंदा हा सगळ्यात वाईट प्रकार.

फळं खा, रस पिऊ नका. पेरू, जांभूळ, पपई, सफरचंद, मोसंबी ठीक. हापूसच्या दोन फोडी ठीक, आमरसाची वाटी नको. उसाचा रस तर नावच काढू नका.

उपवासाचं वेगळं सांगतो. एकादशी, सोमवार, नवरात्र, आपल्याकडच्या बायका हे सोडत नाहीत आणि सोडा म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण साबुदाणा म्हणजे १०० ग्रॅममागे ८५ ग्रॅमच्या वर पिष्ट, प्रोटीन जवळपास शून्य, खिचडीनंतरची शुगर एकदा मोजून बघा म्हणजे सांगायची गरज उरणार नाही. त्यापेक्षा आपल्या भागातली रताळी आहेत की! बेळगाव तालुक्यात रताळी भरपूर पिकतात, एक मध्यम रताळं उकडून (भाजून किंवा गुळाच्या पाकात नको), सोबत दही, शेंगदाणे, काकडी. वरीच्या तांदळाचा भात वाटीभर. निर्जळी उपवास इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराईडसारखी शुगर खाली ढकलणारी गोळी घेणाऱ्यानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, शुगर खाली जाऊन चक्कर येते. रोजे धरणाऱ्या आपल्या शेजाऱ्यांनाही हेच सांगा, रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांकडून गोळ्यांच्या वेळा बदलून घ्यायच्या.

चालणं, आणि तेही जेवणानंतर

सकाळी व्हॅक्सिन डेपोत किंवा किल्ला तलावाजवळ फिरायला जाणारे बरेच आहेत, फार चांगलं. आठवड्याला १५० मिनिटं घाम येईपर्यंत चालायचं हे सगळीकडं सांगतातच. पण मी सांगेन की यातली दहा-पंधरा मिनिटं प्रत्येक जेवणानंतर टाका. स्नायू हलले की ते रक्तातली साखर इन्शुलिनची फारशी वाट न बघता ओढून घेतात, म्हणून जेवणानंतरचं चालणं शुगरवर लगेच दिसतंय. रात्री जेवून टीव्हीसमोर बसण्याऐवजी गल्लीतून दोन चकरा. पावसाळ्यात बाहेर पडता येत नसेल तर घरातच सोप्यातून स्वयंपाकघरापर्यंत येरझाऱ्या, किंवा खुर्चीवरून उठ-बस पंधरा-वीस वेळा.

निपाणीकडं बिड्या वळणाऱ्या बायका दिवसभर मांडी घालून बसतात, शहापूर-वडगावात मागावर बसणारे आहेत, दुकानदार आहेत. त्यांना तासभर सुट्टी कुठली, पण अर्ध्या-पाऊण तासानं उठून दोन-तीन मिनिटं उभं राहणं-चालणं जमतंय, आणि त्याचाही उपयोग होतो. आठवड्यात दोनदा थोडं जोर लावायचं काम करा, पाण्याच्या घागरी, विहिरीवरचं पाणी, शेतातलं काम असेल तर वेगळं काही नको. तंबाखू आणि बिडी मात्र सोडाच, शुगर आणि तंबाखू दोन्ही मिळून पायाच्या रक्तवाहिन्या बंद करतात आणि बोट कापायची वेळ येण्याचा धोका लई वाढतो.

आता मेथी, कारलं वगैरे, एकेक करून

मेथीच्या बाजूनं पुरावा त्यातल्या त्यात बरा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत मेथीवर बरंच काम झालंय. दाण्यातला चिकट चोथा पोटात जेलसारखा होतो आणि साखर रक्तात सावकाश जाते. करायचं असं, रात्री एक छोटा चमचा मेथी अर्ध्या वाटी पाण्यात भिजवायची, सकाळी पाणी पिऊन दाणे चावून खायचे, नुसतं पाणी पिऊन दाणे फेकले तर खरा माल फेकला. पोटात गॅस झाला नाही तर आठवड्याभरानं दोन चमच्यांपर्यंत वाढवा, म्हणजे साधारण १० ग्रॅम. कडू लागत असेल तर पीठ करून भाकरीच्या पिठात मिसळा, किंवा आमटीत घाला. थायरॉईडची किंवा दुसरी कुठली गोळी असेल तर मेथी आणि गोळी यात दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर गोळी नीट लागू होत नाही. रक्त पातळ करायची गोळी असणाऱ्यांनी आधी विचारावं. शेंगदाणा-हरभऱ्याची ॲलर्जी असेल तर मेथी टाळा.

कारलं भाजी म्हणून खा, हवी तेवढी खा. रसाचं मात्र सांगतो. कोक्रेन ही औषधांवरचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था, तिनं २०१२ मध्ये कारल्यावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात कारल्यानं डायबेटिस सुधारतो म्हणायला पुरेसा पुरावा मिळाला नाही. ज्यांना प्यायचाच आहे त्यांनी छोटा अर्धा कप, पोटात मळमळ-जुलाब झाले तर बंद. त्यात एक धोक्याची गोष्ट आहे, लोक कारलं आणि दुधी भोपळा एकत्र करून रस काढतात. दुधी कधी कधी आतून कडू निघतो, त्यात विषारी द्रव्य असतंय, असा रस पिऊन रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दगावली आहेत, आणि कारल्यात मिसळला की दुधीचा कडूपणा कळतच नाही. आयसीएमआरच्या समितीनं स्पष्ट सांगितलंय की दुधी कडू लागला तर रस पिऊ नये आणि दुसऱ्या रसात मिसळू नये. दुधी कापल्यावर छोटा तुकडा जिभेला लावून बघायचा, कडू लागला की सगळाच टाकायचा. भाजीलासुद्धा हाच नियम.

जांभळं मे-जूनला खानापूर-जांबोटीकडून बाजारात येतात, फळ खायला उत्तम. बिया वाळवून पावडर करायची पद्धत जुनी आहे, तिचा माणसांवरचा पुरावा फारसा नाही, चिमूटभर-अर्धा चमचा घेतल्यानं नुकसान सहसा होत नाही, पण तिच्यावर भरवसा ठेवून बसू नका.

इन्शुलिनचं झाड आपल्याकडं बऱ्याच परसात लावलेलं आहे. नावात इन्शुलिन असलं तरी पानात इन्शुलिन नसतंय. गुडमारचा पाला, ज्याला बेडकीचा पाला पण म्हणतात, तो चघळला की थोडा वेळ जिभेला गोड कळत नाही, साखर तोंडात टाकली तर वाळू वाटते. गोडाची ओढ कमी करायला याचा उपयोग होऊ शकतो. पण ही दोन्ही पानं गोळ्यांबरोबर घेतली आणि शुगर जास्तच खाली गेली असं होऊ शकतं, म्हणून सुरू करायच्या आठवड्यात मीटरवर जास्त वेळा बघा. आणि पाला ओळखीचा असेल तरच, कुणीतरी रस्त्यावर विकतंय म्हणून नाही.

दालचिनी बाजारात मिळते ती बहुतेक कॅशिया म्हणजे जाड सालीची, तिच्यात कुमारिन नावाचं द्रव्य असतंय, रोज मोठा चमचा घेतला तर लिव्हरला त्रास. चहात-भाजीत चव म्हणून घाला. आवळा खा, हळद खा, कडुलिंबाची चार पानं पाडव्याला खातोच, पण कडुलिंबाचा रस रोज पेलाभर कुणी सांगितला तर नको म्हणा.

आणि बिनलेबलच्या पावडरी. पुडीत बांधून देतात, कुठली वनस्पती, किती, काही लिहिलेलं नसतंय. अशा पावडरीत चोरून ॲलोपॅथीच्या शुगरच्या गोळ्या कुटून घातलेल्या सापडल्या आहेत, शिसं-पारा सापडलेला आहे. गुण आला म्हणून माणूस खूश होतो आणि इकडं किडनी जाते. घेतच असाल तर पुडी डॉक्टरांना दाखवा, लपवू नका, डॉक्टर रागावले तरी चालतील.

शुगर खाली गेली तर

ताट सुधारलं, चालणं वाढलं, मेथी सुरू झाली आणि गोळी तीच राहिली की हा प्रकार होऊ शकतो. हात थरथरणं, घाम, धडधड, एकदम भूक, चिडचिड, डोळ्यापुढं अंधारी. मीटरवर ७० च्या खाली म्हणजे लगेच तीन छोटे चमचे साखर पाण्यात घोळून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं, नाही वाढली तर परत तेवढीच. मग अर्धी भाकरी किंवा बिस्किटं. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज गोळी चालू असेल तर साध्या साखरेनं पटकन काम होत नाही कारण ती गोळी साखर फुटूच देत नाही, त्यांनी ग्लुकोजची पावडर जवळ ठेवावी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नका, श्वासनलिकेत जातंय, १०८ ला फोन. शेतात, यात्रेला, बसनं कोल्हापूर-गोव्याला जाताना खिशात साखरेची पुडी असायलाच पाहिजे. आणि असं दोनदा झालं की डॉक्टरांकडं जाऊन डोस कमी करून घ्या, ही तर आनंदाची गोष्ट आहे.

उलटं, शुगर ३०० च्या वर, सोबत उलट्या, पोटात दुखणं, जोरजोरात श्वास, तोंडाला कुजक्या फळासारखा वास, असं असेल तर घरी लिंबूपाणी देत बसू नका, रात्र असली तरी दवाखाना. तापात-जुलाबात जेवण जात नाही म्हणून इन्शुलिन बंद करायचं नसतंय, आजारात शुगर उलट वाढते, डॉक्टरांना फोन करून डोस विचारा.

खेड्यात वीज जाते, फ्रीज नसतो. वापरात असलेली इन्शुलिनची बाटली सावलीत, थंड जागी महिनाभर राहते. उन्हाळ्यात दोन मातीची भांडी एकात एक ठेवून मध्ये ओली वाळू, आतल्या भांड्यात प्लॅस्टिकच्या डबीत बाटली, चांगलं थंड राहतंय. फ्रीज असेल तर दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात कधीच नको, गोठलेलं इन्शुलिन फुकट गेलं.

पाय, डोळे, किडनी

रोज रात्री पाय धुवून बोटांच्या बेचक्यांसकट पुसा आणि तळवे आरशात बघा, किंवा नातवंडांना बघायला सांगा. मुंग्या येत असतील, चप्पल निसटलेली कळत नसेल तर संवेदना गेलेल्या आहेत. अशा माणसानं सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर किंवा पंढरीच्या वाटेवर अनवाणी चालू नये. नवस असेल तर देवळाच्या पायरीपर्यंत चप्पल घालून जा, तापलेल्या फरशीनं पाय भाजलेला दुसऱ्या दिवशी फोड बघून कळतोय, तोपर्यंत उशीर झालेला असतो. शेतात बूट. जखमेला चुना, तंबाखू, कातडं कापणं यातलं काही नको.

डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा, किडनीसाठी लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन वर्षातून एकदा, एचबीए१सी तीन महिन्यांनी, आटोक्यात असेल तर सहा महिन्यांनी. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ तपासून घ्या, पायाला मुंग्या त्यानंही येतात. गोळ्या महाग पडत असतील तर जनऔषधी दुकानात तीच गोळी स्वस्तात मिळते, डॉक्टरांना कंपनीचं नाव न लिहिता औषधाचं नाव लिहून द्या म्हणा.

एक शेवटचं, जे आपल्या भागात लई अडतंय. गोळ्यांचं पाकीट इंग्रजीत, दवाखान्यातला कागद कधी इंग्रजीत कधी कन्नडमध्ये, आणि घरातल्या आजीला वाचता येतंय फक्त मराठी. मग सकाळची गोळी रात्री आणि रात्रीची दोनदा. त्यामुळं घरातल्या शिकलेल्या पोरानं नाहीतर सुनेनं प्रत्येक पाकिटावर मार्करनं मोठ्या अक्षरात लिहून द्यायचं, "सकाळी जेवणाआधी", "रात्री जेवणानंतर". एका कागदावर सगळ्या गोळ्यांची नावं, डोस, आणि आपण घेतोय ती मेथी-पावडर-काढा सगळं लिहून तो कागद आधार कार्डाबरोबर ठेवा. बेळगावला सिव्हिलमध्ये दाखवा, मिरजेला जा, कोल्हापूरला जा, डॉक्टर बदलले तरी तो कागद पहिल्यांदा टेबलावर ठेवायचा.